बायकोच्या मापाचं फाटक

त्याला सगळे ठिणगी म्हणायचे. वेल्डिंगच्या धंद्यातल्या माणसाला असं नाव पडणं साहजिकच, पण ज्यानं ते पाडलं त्याला माणसांची पारख मुळीच नसावी. हा गडी चटकन पेटणाऱ्यातला नव्हताच. कुणी वाट्टेल ते बोलून गेलं तरी हा काळ्या काचेआडून बघत राहायचा. उत्तर सुचायचं ते दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना. तेव्हा समोरचा माणूस कधीच निघून गेलेला असायचा, म्हणून ते उत्तर तो बायकोला ऐकवायचा. बायको म्हणायची, "हे काल बोलला असतात तर बरं झालं असतं."

रस्त्याला लागून पत्र्याची शेड, शेडच्या मागे छोटं अंगण आणि अंगणापलीकडे दोन खोल्यांचं घर, एवढा त्याचा संसार. शेडमध्ये पाइप, अँगल, गज भिंतीला टेकून उभे असायचे आणि सगळीकडे जळलेल्या लोखंडाचा वास. टेप त्याच्या खिशात कायम असे. पण माणसांच्या वापराची वस्तू असली की टेपवर त्याचा विश्वास बसत नसे. टेप लोखंडाचं माप सांगतो, हाताचं नाही, असं त्याचं म्हणणं. मग तो घराकडे तोंड करून हाक मारायचा, "अगं, जरा हात दे."

ती ओले हात पुसत यायची. खिडकीची जाळी असेल तर फटीतून हात घालायची. मनगटाशी अडकला की माप पक्कं. जिन्याचा कठडा तिच्या मुठीत बसेल एवढा जाड, मांडणीचा वरचा खण तिचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. बाई बुटकी. त्यामुळे आजूबाजूच्या निम्म्या घरांत बुटक्या बायका सुखात होत्या आणि उंच पुरुष ठिणगीच्या मांडण्यांवर डोकी आपटून घेत होते. का, ते त्या बिचाऱ्यांना कधीच कळलं नाही.

"मी काय तुमची फूटपट्टी आहे?" ती म्हणायची. पण तिला न विचारता त्यानं काही केलं, तर दोन दिवस तोंड फुगवून बसायची.

त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मोठं तळं होतं. त्याच्या काठानं बाग झाली आणि पाण्याकडेनं चालायला फरसबंदी वाट झाली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. वाट मोठी झोकात आखलेली होती. दारातून आत शिरलं की लगेच पाणी दिसायचं नाही. दाट झुडपांच्या मागून वाट मुद्दाम वळवलेली होती, आणि वळण संपलं की अख्खं तळं एकदम समोर. ज्यानं ही कल्पना काढली त्याचं म्हणे खूप कौतुक झालं होतं. पुढे रुंद पायऱ्या थेट पाण्यात उतरत होत्या.

लेकीचं लग्न होऊन ती दूर गेली होती, घरात काम उरलं नव्हतं. बाईनं कॅनव्हासचे बूट आणले आणि रोज सकाळी फिरायला जाऊ लागली. निघताना शेडच्या दारात उभी राहून म्हणायची, "चला."

"उद्या," तो म्हणायचा. हातात काम असायचंच. ती हसून एकटी जायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी उभी राहून "चला" म्हणायची. इतकी वर्षं हे चाललं की त्यातला प्रश्न संपला, उत्तरही संपलं. दोघांचा तो एक खेळ झाला, असं त्याला वाटायचं. तिला काय वाटायचं ते त्यानं विचारलं नाही.

आता वाट गुळगुळीत म्हटल्यावर मोटरसायकलवाल्यांना ती दिसायला कितीसा वेळ लागणार? बाजारातून नव्या वस्तीत जायला तो जवळचा रस्ता झाला. माणसं जीव मुठीत धरून चालायला लागली. एक दिवस एका निवृत्त मास्तरांना मागून धडक बसली आणि त्यांचं मांडीचं हाड मोडलं. मग मात्र आरडाओरडा झाला, अर्ज गेले, बैठका झाल्या, आणि बागेच्या साहेबांनी ठिणगीला बोलावलं. साहेब माणूस वाईट नव्हते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्यांचा राग येईल.

"माणूस गेला पाहिजे आणि गाडी जाता कामा नये," साहेब म्हणाले. "आणि उंच करा. हे लोक गाड्या उचलूनसुद्धा नेतात."

ठिणगीनं अंगणात दोन उंच चौकटी समोरासमोर उभ्या केल्या, मधे नागमोडी वाट सोडली आणि स्वतःची स्कूटर आणली. स्कूटर आत घालायची, चौकट थोडी सरकवायची, पुन्हा घालायची. शेवटी हँडल असं अडकलं की पुढे जाईना की वळेना. मग त्यानं हाक मारली.

ती भाजीची भरलेली पिशवी घेऊनच आली. खांदा जरा तिरका करून, पोट आत ओढून पलीकडे निघाली.

"जाते मी," ती म्हणाली. "पिशवीसकट जाते. जेवल्यावर जाईन की नाही ते सांगता येत नाही." दोघंही हसले. मग ती वळून फाटकाकडे बघत राहिली. "पण कोणाची लहान मुलाची ढकलगाडी असली तर?"

"मूल उचलून घेतील. गाडीची घडी घालतील."

"आणि ज्याला असं उचलता येत नाही, तो?"

"बाजूला मोठं दार आहे ना. गवत कापायच्या यंत्रासाठी. किल्ली वॉचमनकडे."

तिचं समाधान झालं. गॅसवर दूध होतं, ती आत गेली. त्या मापाची फाटकं बागेच्या सगळ्या दारांना बसली आणि मोटरसायकली खरोखरच बंद झाल्या. मास्तर बरे होऊन काठी टेकत पुन्हा फिरायला लागले. ठिणगी रस्त्यात दिसला की ते थांबून त्याचा हात हातात घ्यायचे.

पण गाडीवाले काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी बाजूच्या दाराचं कुलूप फोडलं. नवं लावलं, तेही फोडलं. त्यानंतरचं तर कोयंड्यासकट उपटून नेलं. साहेबांचा फोन आला. "वेल्डिंगचे टाके मारून टाका त्या दाराला. कायमचं बंद."

ठिणगी गेला आणि चौकटीला दार डकवून आला. टाके मारताना काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत होतं, पण काय ते सापडेना. ते सापडलं दुसऱ्या दिवशी, अंघोळ करताना.

"मी साहेबांना म्हणायला हवं होतं," तो बायकोला म्हणाला, "की मग ढकलगाडीवाल्यांनी जायचं कुठून?"

"हे काल बोलला असतात तर बरं झालं असतं."

"खरंय."

"मग आज जाऊन बोला."

"उद्या जातो," तो म्हणाला. तो उद्या काही आला नाही.

पुढची गोष्ट आपल्याला आधी कळते, त्याला मात्र ती ठाऊक नव्हती. काही महिन्यांनी एका सकाळी बागेत जी बाई पडली ती त्याचीच बायको होती. पायऱ्या चढून ती वाटेवर आली, कठड्याला धरून खाली बसली आणि कलंडली. तोंड वाकडं झालं. फिरायला आलेल्यांनी फोन केला, अँब्युलन्स लवकर आली, आणि फाटकाशी येऊन उभी राहिली. स्ट्रेचर आत जाईना. उभं करून जाईना, आडवं करून जाईना. कुंपण उंच, वरून टोकदार. अँब्युलन्समधला माणूस एकटाच आत पळत गेला आणि पळत परत आला. बाईंना बसवून, उचलून आणायचं नाही, आडवंच न्यायचं, असं त्यानं बजावलं. वॉचमन नवा होता. तो शेडकडे धावत आला.

"काका, मशीन घेऊन चला. मोठं दार कापायचंय. आत एक बाई पडलीये."

"कोण बाई?"

"रोज येते ती. पायऱ्या उतरून पाण्याला हात लावते आणि मगच परत फिरते."

ठिणगीनं मनात आठवून पाहिलं. पाण्याला हात लावणारी बाई त्याच्या ओळखीची नव्हती. असेल कोणी हौशी, असं म्हणून त्यानं लोखंड कापायचा ग्राइंडर उचलला, वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि विचारलं, "साहेबांना विचारलंस का?"

पूर्वी एकदा कुणाच्या तोंडी सांगण्यावरून त्यानं सरकारी कठडा कापला होता आणि नंतर चौकशीनं त्याच्या नाकी नऊ आले होते. तेव्हापासून परवानगीशिवाय सरकारी लोखंडाला हात लावायचा नाही, असा त्यानं कानाला खडा लावला होता. वॉचमनच्या खोलीतून वायर ओढली, ग्राइंडर हातात धरला, आणि तो उभा राहिला. वॉचमन फोन लावत होता. साहेब उचलत नव्हते. पुन्हा लावला. ठिणगीनं पातं घट्ट आहे का ते पाहिलं, सैल होतं म्हणून नाही, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. अँब्युलन्सवाला त्याच्याकडे बघत होता, जमलेली माणसं बघत होती. शेवटी साहेबांनी फोन उचलला.

"अहो, कापा ना," साहेब म्हणाले. "यात विचारायचं काय?"

मग त्यानं कापायला घेतलं. स्वतःचेच टाके, कुठे किती भरलंय ते त्याला माहीत होतं. पात्याची धार तो नेमकी टाक्यावर टेकवत होता, दाराला चरा पडू नये, बिजागरीला धक्का लागू नये म्हणून. उद्या हेच दार पुन्हा वापरायचं होतं.

"काका, फाडा ते सरळ," अँब्युलन्सवाला ओरडला.

"बिजागरी जाईल," ठिणगी म्हणाला, आणि सावकाश, नीट कापत राहिला. आयुष्यात इतकं स्वच्छ काम त्यानं फार थोड्या वेळा केलं असेल.

दार उघडलं, स्ट्रेचर आत पळालं. वळणाच्या झुडपांमुळे पलीकडचं काही दिसत नव्हतं. गर्दी करायला आपण कशाला जायचं, म्हणून तो वायर गुंडाळत बसला. स्ट्रेचर परत आलं तेव्हा त्याच्या कडेवरून एक हात खाली लोंबत होता. तो हात त्याला खिशातल्या टेपपेक्षा जास्त ओळखीचा होता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अजून थोडं आधी आणलं असतं तर..." आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून हातातल्या कागदांकडे वळले. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. लेक आली, आईच्या उशाशी बसून राहिली. लोकांकडून तिला सगळं कळलं होतं. एका दुपारी ती हळूच म्हणाली, "बाबा, आई रोज पाण्याला हात लावायची, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

"मला फोनवर सांगायची. पाणी कसं होतं ते. गार होतं, कोमट होतं." लेक आईची चादर सारखी करत राहिली. त्याहून शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

काही आठवड्यांनी बाईच्या तोंडून पहिला शब्द आला, आणि तोच शेवटचा ठरला. "चला." असं होतं काहींचं, डॉक्टर म्हणाले, सगळे शब्द पुसले जातात आणि एखादाच मागे राहतो. पाणी हवं असलं तरी चला. खांदा दुखला तरी चला. लेक आपल्या घरी परत निघाली, तेव्हा तिच्या गालावरून डावा हात फिरवत तेच. ठिणगीला त्यातून हवं ते ओळखता येऊ लागलं. पण सकाळी चाकाची खुर्ची शेडच्या दाराशी आली की ती तळ्याच्या दिशेला तोंड करून म्हणायची, ते मात्र ओळखायची गरज नव्हती.

तो पहिल्यांदाच तिच्याबरोबर फिरायला निघाला, तो असा. खुर्ची ढकलत फाटकापर्यंत आला. मोठं दार उघडं असेल असं त्याला वाटलं होतं. पण मधल्या काळात दार उघडं राहिलं म्हणून गाड्या परत घुसल्या होत्या, एका शाळकरी मुलीला लागलं होतं, आणि ठिणगी दवाखान्यात म्हणून साहेबांनी दुसऱ्या वेल्डरकडून टाके मारून घेतले होते. ठिणगीनं त्यावरून बोट फिरवलं. ओबडधोबड काम, गोळेच्या गोळे. पण भक्कम. सकाळी बसणारा वॉचमनही आता नव्हता.

त्यानं खुर्ची फाटकात घालून पाहिली. जिथे स्कूटरचं हँडल अडकलं होतं, बरोबर तिथेच चाक अडकलं. मग त्यानं तिला पाठीवर घेतलं. पण वाट एका माणसाची आणि एका पिशवीची होती, दोन माणसांची नव्हती. ना पुढे, ना मागे, असा तो तिला घेऊन गजांमध्ये घुसमटला, आणि बाहेर निघेपर्यंत तिचं कोपर सोललं. तिला परत खुर्चीत बसवून तो धापा टाकत उभा राहिला. तिथून पाणी दिसतच नव्हतं. झुडपं तेवढी दिसत होती.

मास्तर काठी टेकत आतून बाहेर येत होते. फाटकातून तिरके निघाले आणि सवयीनं त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "बाबा रे, तुझ्या या फाटकामुळे मी..." मग त्यांचं लक्ष खुर्चीकडे गेलं. त्यांनी हात सोडला नाही, पण वाक्य पुरंही केलं नाही. मग म्हणाले, "चार माणसं मिळून घेऊ या का उचलून? काहीतरी करू."

"चला," बाई म्हणाली, आणि डाव्या हातानं खुर्चीचं चाक घराकडे वळवायला लागली.

त्या दिवशी ठिणगीनं हातातली सगळी कामं बाजूला ठेवली. गिऱ्हाइकं येऊन बोलून गेली, त्याला काही ऐकू आलं नाही. अंगणात त्यानं पुन्हा दोन चौकटी उभ्या केल्या. यावेळी तिला हाक मारावी लागली नाही; ती तिथेच बसलेली होती, खुर्चीत, मापासाठी. चौकट सरकवायची, खुर्ची आत घालायची, चाक कुठे अडतं ते बघायचं, पुन्हा सरकवायची. वळणाला तिचं सोललेलं कोपर घासू नये म्हणून त्यानं गज गोल वाकवून घेतले. शेवटी खुर्ची कुठेही न लागता आरपार गेली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याला हसू आलं. मग त्यानं स्कूटर आणली, चालू केली आणि आत घातली.

स्कूटरही आरपार गेली.

त्यानं खूप डोकं आपटलं. मधे आडवा गज टाकून पाहिला, खाली उंबरा टाकून पाहिला, वळण आवळून पाहिलं. जे स्कूटरला अडवायचं ते खुर्चीला आधी अडवायचं, कारण स्कूटरवाला उतरून, ओढून, रेटून नेऊ शकत होता आणि खुर्चीतल्या बाईला उतरता येत नव्हतं. तिला आत नेणारं आणि त्याला बाहेर ठेवणारं माप जगात नव्हतंच. हे त्याला अंघोळ करताना नाही, तिथेच उभ्या उभ्या कळलं.

तरी त्यानं साहेबांना बोलावलं. साहेब आले, अंगणात उभे राहिले. खुर्ची जाताना बघून त्यांनी मान डोलावली. मग खाली बघत विचारलं, "आणि गाडी?"

खोटं बोलायचं त्याच्या मनात आलं होतं. पण त्यानं स्वतःच स्कूटर आतून काढून दाखवली.

साहेबांनी चौकटीच्या गजावर हात ठेवला. "ती मुलगी अजून लंगडते," ते म्हणाले. "मी वर माणूस मागितलाय, दिवसभर किल्ली घेऊन बसायला. तो मिळाला की वहिनींसाठी पहिल्यांदा दार उघडू."

"कधी मिळेल?"

"मागितलाय," साहेब पुन्हा म्हणाले, आणि वहिनींना नमस्कार करून गेले. माणूस काही मिळाला नाही. पुढे साहेबांची बदली झाली.

ते फाटक अंगणातच राहिलं. मोडून त्याचं लोखंड वापरायला त्याचा हात धजला नाही. रोज सकाळी ती शेडच्या दाराशी येऊन तळ्याकडे तोंड करायची, आणि तो तिची खुर्ची वळवून अंगणात न्यायचा, फाटकातून हळूच पलीकडे काढायचा. कुठे लागत नाही, घासत नाही, इतकं नेमकं माप. पलीकडे शेजाऱ्याची भिंत होती. एके दिवशी त्यानं भिंतीपाशी पाण्यानं भरलेलं घमेलं आणून ठेवलं, खुर्ची त्याच्याशी नेली आणि तिचा डावा हात आपल्या हातात धरून पाण्यात बुडवला.

तिनं घमेल्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. हात बाहेर काढून अंगाला पुसला.

"चला," ती म्हणाली.

तो खाली बसला होता, तिच्या गुडघ्याशी.

"उद्या," तो म्हणाला.